आतड्याचं दुखणं आणि मूत्रपिंडाचा हिशेब

पोटाच्या दुखण्यांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ढाळ, हगवण, आव, मुरडा, संग्रहणी, पोटशूळ, अजीर्ण. प्रत्येकाची छटा वेगळी आणि प्रत्येकावर घराघरांत एखादा काढा ठरलेला. मूत्रपिंडाच्या वाट्याला मात्र मुतखडा आणि उन्हाळी असे दोन-चारच शब्द आले. आतडं बिघडलं की माणसाला दिवसातून दहा वेळा त्याची आठवण करून देतं. मूत्रपिंड निम्मंअधिक निकामी होईपर्यंत बहुधा काहीच बोलत नाही. जे बोलत नाही त्याला भाषेत शब्द कमी मिळतात आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवर जागाही कमी मिळते.

हिंगोली-नांदेड रस्त्यावरच्या कळमनुरी या तालुक्याच्या गावी मी रक्त-लघवी तपासणीची एक लहानशी लॅब चालवतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या चिठ्ठ्यांवरून हा विषय माझ्या डोक्यात शिरला. आतड्याचा जुनाट दाह असलेल्या रुग्णाच्या चिठ्ठीवर हिमोग्लोबिन असतं, सीआरपी असतं, संडासची तपासणी असते. लघवीची साधी तपासणी क्वचित दिसते. या लेखात मला एवढंच मांडायचं आहे, की आतड्याचा जुनाट दाह हा मूत्रपिंडाचाही विषय आहे. तिथे नुकसान पोहोचण्याचे तीन-चार रस्ते आता चांगले माहीत झाले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांवर वेळेत पहारा ठेवता येतो.

आधी आजाराविषयी. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर ज्याला ‘आयबीडी’ म्हणतात, त्यात प्रामुख्याने दोन विकार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात, रक्त आणि आव पडते. हे नाव लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ साली वापरलं. दुसरा क्रोन्स. बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर या न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९३२ मध्ये त्याचं वर्णन केलं. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो. पण लहान आतड्याचा शेवटचा भाग ही त्याची आवडती जागा. त्यात आतड्याची पूर्ण जाडी सुजते, मार्ग अरुंद होतो आणि कधी तो तुकडा कापून काढावा लागतो. दोन्ही विकारांत शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटलेली असते. ‘आयबीएस’ हे नाव ऐकायला जवळचं, पण तो विकार अगदी वेगळा. त्यात आतड्याला सूज किंवा व्रण नसतात.

हे गोऱ्या, श्रीमंत देशांचं दुखणं आहे असा समज आपल्याकडे बरीच वर्षं होता. लुधियानाचे डॉ. अजित सूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंजाबात ५१,९१० लोकांची पाहणी केली, तेव्हा त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिसचे २३ रुग्ण सापडले. म्हणजे लाखात सुमारे ४४. २००३ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्या समजाला तडा गेला. क्रोन्सच्या बाबतीत आपल्याकडे आणखी एक अडचण असते. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स हे दुर्बिणीतून आणि सूक्ष्मदर्शकाखालीही इतके सारखे दिसतात, की पुष्कळ रुग्णांना आधी क्षयाची औषधं दिली जातात आणि ती लागू पडली नाहीत की मग क्रोन्सचं नाव पुढे येतं. निदान होईपर्यंत दाह शरीरात मुरलेला असतो. वजन उतरतं, रक्त कमी होतं, आणि मूत्रपिंडावरचा पहिला भारही याच काळात पडायला लागतो.

आपली दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात आणि दीड लिटरच्या आसपास लघवी बाहेर टाकतात. हे काम चालायला रक्ताचा पुरवठा नीट लागतो, म्हणजे अंगात पाणी पुरेसं लागतं. दिवसाला दहा-बारा ढाळ होणाऱ्या माणसाच्या अंगातून पाणी, मीठ आणि क्षार वाहून जातात. मूत्रपिंड मग लघवी दाट आणि थोडी करून पाणी वाचवू पाहतं. ढाळ जोराचे असले तर रक्ताचा पुरवठाच तुटतो आणि काही तासांत मूत्रपिंडाचं काम मंदावतं. वेळेत सलाईन किंवा क्षारसंजीवनी मिळाली तर ते बहुधा सावरतं. पण असे झटके वारंवार आले तर प्रत्येक वेळी पूर्वपदावर येईलच असं नाही.

मराठवाड्यात या पाण्याच्या तुटीला ऊन वाढवतं, आणि एक सवयही वाढवते, जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आतड्याच्या रुग्णाला सगळ्यांत मोठी धास्ती असते संडास कुठे मिळेल याची. एसटीने नांदेडला जायचं असेल तर तो आदल्या रात्रीपासून जेवत नाही आणि सकाळी पाणी पीत नाही. हळदीच्या काढणीला जाणाऱ्या बाया शेतात आडोसा नसतो म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर काढतात. त्यांत आतड्याचं दुखणं असलेली बाई असेल तर तिचे हाल दुप्पट. पोट शांत ठेवण्यासाठी निघालेली ही युक्ती मूत्रपिंडाला महागात पडते.

दाट लघवीतून खडे होतात हे आपल्याला ठाऊक आहे. आतड्याच्या रुग्णांना मात्र त्याहून वेगळ्या कारणानेही मुतखडा होतो, आणि तो रस्ता समजून घेण्यासारखा आहे. आळूचं पान कच्चं राहिलं तर घसा खवखवतो. त्या पानात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात. मूत्रपिंडातले बहुतेक खडेही याच कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. पालक, चुका, राजगिरा, तीळ, शेंगदाणे, चहा यांतून ऑक्झॅलेट आपल्या पोटात रोज जातं. निरोगी माणसाच्या आतड्यात त्याला जेवणातलं कॅल्शियम भेटतं, दोघं एकमेकांना चिकटतात आणि संडासवाटे निघून जातात. रक्तात फार थोडं पोहोचतं.

आता लहान आतड्याचा शेवटचा भाग आजारी आहे किंवा कापून काढला आहे असं समजा. पित्तातले क्षार पुन्हा शोषून घेणं हे त्या भागाचं काम. ते थांबलं की पित्त अपुरं पडतं आणि तेल-तूप नीट पचत नाही. न पचलेली स्निग्धाम्लं आतड्यातल्या कॅल्शियमला धरतात आणि तिथे अक्षरशः कॅल्शियमचा साबण तयार होतो. ऑक्झॅलेटला अडवणारं कॅल्शियम असं साबणात अडकलं, की ऑक्झॅलेट मोकळं फिरतं आणि मोठ्या आतड्यातून रक्तात शिरतं. वाया गेलेलं पित्त मोठ्या आतड्याचं अस्तर ढिलं करतं, त्यामुळे ही वाट आणखी रुंदावते. रक्तातलं ऑक्झॅलेट बाहेर टाकायला मूत्रपिंडाखेरीज दुसरी मोठी वाट नाही. त्यातच ढाळांमुळे लघवी कमी, आणि खडा होऊ न देणारी सायट्रेट आणि मॅग्नेशियम ही द्रव्यंही कमी.

मोठं आतडं या गोष्टीत किती महत्त्वाचं आहे हे डॉबिन्स आणि बाइंडर यांनी १९७७ मध्ये दाखवलं. लहान आतडं कापलेल्या ज्या रुग्णांचं मोठं आतडं शाबूत होतं, त्यांच्याच लघवीत ऑक्झॅलेट वाढलेलं सापडलं. मोठं आतडं काढून पोटावर पिशवी लावलेल्यांना हा धोका नाही, पण त्यांना दुसरा आहे. पिशवीवाटे पाणी आणि अल्कली निघून जाते, लघवी थोडी आणि आम्लधर्मी होते आणि त्यात युरिक ॲसिडचे खडे बनतात. म्हणून खडा निघाला तर तो फेकून न देता तपासायला द्यावा. तो कशाचा आहे यावर पुढचा सगळा उपाय ठरतो.

ऑक्झॅलेटचा धोका खड्यावर थांबत नाही. १९६०-७०च्या दशकांत अमेरिकेत लठ्ठपणा कमी करण्यासाठी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून टाकणारी एक शस्त्रक्रिया चालत असे. वजन उतरलं, पण कित्येकांच्या मूत्रपिंडात ऑक्झॅलेटचे स्फटिक साचले आणि काहींची मूत्रपिंडं कायमची गेली. यकृताच्या आणि इतर दुष्परिणामांसह हेही एक कारण होऊन ती शस्त्रक्रिया मागे पडली. क्रोन्समध्ये बरंच आतडं कापावं लागलेल्या रुग्णाची स्थिती याच्या जवळ जाते.

हे मी पुस्तकातूनच शिकलो असं नाही. माझ्या धाकट्या भावाला क्रोन्स आहे. त्याचं लहान आतड्याचं शेवटचं टोक काढावं लागलं आणि तिसऱ्या वर्षी त्याला दोन्ही बाजूंना खडे झाले. खडा झाला म्हटल्यावर गावातल्या प्रत्येकाने त्याला एकच सल्ला दिला: दूध-दही बंद कर, खडा कॅल्शियमचा असतो. ऐकायला हे तर्काला धरून वाटतं. पण वरची साखळी ध्यानात घेतली तर त्याचा उलटेपणा दिसतो. जेवणातलं कॅल्शियम काढलं की ऑक्झॅलेटला अडवणारं कुणीच उरत नाही. इटलीतल्या पार्मा इथे लोरिस बोर्घी यांनी खडे होणाऱ्या १२० पुरुषांना पाच वर्षं दोन वेगवेगळ्या आहारांवर ठेवलं. कमी कॅल्शियम खाणाऱ्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतकं, पण मीठ आणि मांसाहार कमी असलेल्या ६० जणांपैकी १२ जणांना. २००२ साली आलेला हा अभ्यास आतड्याच्या रुग्णांवरचा नव्हता, पण कॅल्शियमविषयीची भीती त्याने बरीच घालवली. भावाच्या डॉक्टरांनी त्याला कॅल्शियमची गोळी दिली आणि ती झोपताना नव्हे तर जेवतानाच घ्यायला सांगितली, ती याच कारणाने.

आपल्या स्वयंपाकात ही जोडी पूर्वीपासून आहे. पालक किंवा चाकवत ताकात शिजवायचा आणि आळूच्या पानांना चिंच लावायची, हे चवीसाठी आणि खाज मारण्यासाठी आलं असेल. पण ताकातल्या पालकात ऑक्झॅलेट आणि त्याला धरून ठेवणारं कॅल्शियम एकाच वाटीत येतात. ज्यांना दूध सोसत नाही अशा अनेकांना ताक-दही चालतं. यामुळे पालक निर्धास्त खाता येतो असं मात्र नाही. ज्याच्या लघवीत ऑक्झॅलेट वाढलेलं आहे, त्याने अशा भाज्या, तीळ आणि शेंगदाण्याची चटणी मोजूनच खायला हवी.

हिंगोली जिल्ह्यात याच संदर्भात आणखी एका पदार्थाविषयी बोलायला हवं, तो म्हणजे हळद. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि आमच्या तालुक्यातही हळदीवर अनेक घरांचं वर्ष चालतं. दुखण्यावर हळद हा उपाय इथे कुणाला शिकवावा लागत नाही. आतड्याच्या दाहावर हळदीतल्या कुर्क्युमिनचा उपयोग होतो याला आधारही आहे. जपानमध्ये हानाई आणि सहकाऱ्यांनी अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत असलेल्या ८९ रुग्णांवर प्रयोग केला. नेहमीच्या औषधांबरोबर रोज दोन ग्रॅम कुर्क्युमिन घेणाऱ्यांमध्ये सहा महिन्यांत दुखणं उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. तो अभ्यास २००६ चा. पण ते कुर्क्युमिन होतं, डब्यातली हळद नव्हे. हळदीत कुर्क्युमिन दोन ते पाच टक्क्यांच्या आसपास असतं. दोन ग्रॅमसाठी रोज चाळीस ते शंभर ग्रॅम हळद खावी लागेल.

इतकी हळद कुणी खात नाही. तरी चमचे-चमचे फाकणारे आणि कॅप्सूल घेणारे भेटतात. त्यांच्यासाठी २००८ चा एक छोटा अमेरिकन अभ्यास महत्त्वाचा आहे. हळदीतल्या ऑक्झॅलेटपैकी ९१ टक्के पाण्यात विरघळणारं निघालं. दालचिनीतलं अवघं ६ टक्के. जे विरघळतं ते सहज शोषलं जातं. अकरा निरोगी माणसांना दोन्ही पदार्थ आळीपाळीने जास्त प्रमाणात दिले, तेव्हा हळदीने लघवीतलं ऑक्झॅलेट वाढलं. वरणातल्या चिमूटभर हळदीने कुणाचं काही बिघडत नाही. पण आतडं कापलेल्या, खडे होऊन गेलेल्या माणसाने औषध म्हणून रोज चमच्याने हळद घेणं वेगळं. त्याने ते डॉक्टरांना सांगूनच करावं.

दुसरा रस्ता औषधांचा. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सर्वाधिक वापरलं जाणारं औषध म्हणजे मेसालामिन. त्याच्या आधी सल्फासालाझिन होतं, स्वीडनच्या नाना स्वार्त्झ यांच्या कामातून आलेलं. त्या जोडऔषधातला नेमका कोणता भाग गुण देतो हे १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये ए. के. आझाद खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधून काढलं. हे खान बांगलादेशचे. त्यांनी दाखवलेला गुणकारी भाग म्हणजेच आजचं मेसालामिन. हे एकूण सुरक्षित औषध आहे, आणि ते मनाने बंद केलं तर आतड्याचं दुखणं उलटतं. पण फार थोड्या लोकांत त्याच्याविरुद्ध मूत्रपिंडाच्या गाळणीभोवतालच्या भागाला सूज येते. अनेक अभ्यासांची बेरीज केली तर मूत्रपिंडाचं काम घटण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोन-तीन रुग्ण एवढं निघतं. २०१६ मध्ये असा त्रास झालेल्या १५१ रुग्णांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली. निम्म्या रुग्णांत तो औषध सुरू झाल्यावर तीन वर्षांच्या आत आला होता, बाकीच्यांत त्याहून उशिरा. औषध थांबवल्यावर पूर्ण बरे झाले ते ३० टक्के. १५ जणांना कायमचं डायलिसिस किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपण लागलं. या सुजेला बहुधा दुखत नाही, लघवीचा रंग बदलत नाही. ती सापडते फक्त रक्ताच्या तपासणीत. म्हणून औषध सुरू करण्याआधी, नंतर दोन-तीन महिन्यांनी आणि पुढे किमान वर्षातून एकदा क्रिएटिनिन पाहायचं, असा साधा नियम आहे.

याहून मोठा धोका दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या गोळ्यांचा. आतड्याच्या दाहाबरोबर सांधेही दुखतात. मग डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन सुरू होतं. या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि आतड्याचा दाहही चाळवू शकतात. ढाळ सुरू असताना, उन्हात आणि कमी पाण्यावर घेतलेली अशी गोळी म्हणजे तीन भार एकाच वेळी.

तिसरा रस्ता खुद्द आजाराचा. अमेरिकेतल्या लिटल रॉक इथे आतड्याच्या दाहाच्या रुग्णांच्या ८३ मूत्रपिंड बायोप्सी एकत्र पाहिल्या, तेव्हा सर्वांत जास्त, म्हणजे २० जणांत, आयजीए नेफ्रोपॅथी निघाली. आयजीए हे आतड्याच्या अस्तराचं रक्षण करणारं प्रतिद्रव्य. त्याचे पुंजके मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात आणि लघवीतून रक्त व प्रथिनं गळायला लागतात. २०१४ च्या त्याच अभ्यासात १६ जणांत गाळणीभोवतालची सूज होती. याशिवाय क्रोन्स वर्षानुवर्षं धगधगत राहिला तर काही थोड्या रुग्णांत अमायलॉयड नावाचं प्रथिन मूत्रपिंडात साचतं. त्याची पहिली खूण लघवीतलं प्रथिन. पुढे पायांवर, तोंडावर सूज. यावर मुख्य उपाय आतड्याचा दाह पूर्ण आटोक्यात आणणं हाच. ‘सहन होतंय तोवर चालवू’ हे धोरण म्हणूनच आतड्यापुरतं राहत नाही.

आता माझ्या टेबलावरच्या आकड्याविषयी. क्रिएटिनिन ही स्नायूंतून तयार होणारी टाकाऊ वस्तू. मूत्रपिंड ती बाहेर टाकतं. काम मंदावलं की रक्तात ती वाढते. पण स्नायूच कमी असतील तर क्रिएटिनिन तयारच कमी होतं. सत्तर किलोच्या पहिलवानाचं १.१ आणि आजारात बेचाळीस किलोवर आलेल्या बाईचं १.१ हे कागदावर सारखं दिसतं, दोन्ही छापील मर्यादेच्या आत बसतात. अर्थ अगदी निराळा. तिचं मूत्रपिंड बरंच मंदावलेलं असू शकतं. म्हणून एकट्या आकड्याला धरून निश्चिंत होऊ नये. वय आणि लिंग धरून काढलेला ईजीएफआर पाहावा, तोही स्नायू झिजलेल्या माणसात आहे त्यापेक्षा चांगला दिसतो हे लक्षात ठेवावं. शंका असेल तर सिस्टॅटिन-सी ही दुसरी तपासणी असते. मागचे रिपोर्ट शेजारी ठेवून आकडा चढतोय का ते बघावं. ०.६ वरून ०.९ झालेलं क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ छापलं जातं; तरी ते दीडपट झालेलं असतं. आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी सोबत हवीच, कारण गाळणीची गळती क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी आधी तिथे दिसते.

यांतलं काहीही मोठ्या शहराशिवाय होत नाही असं नाही. क्रिएटिनिन आणि साधी लघवी तालुक्याच्या गावात होते. पुढच्या तपासण्यांसाठी नांदेडचं शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि २०२४ मध्ये हिंगोलीलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. डायलिसिसची सोय सरकारी योजनांतून आता जिल्ह्याच्या पातळीवर आली आहे, हे चांगलंच; पण आठवड्यातून दोन-तीनदा हळदीचं काम सोडून त्या खुर्चीत चार-चार तास बसणं म्हणजे काय, हे त्या घरांनाच विचारावं. वर्षातून एकदा लघवीची बाटली भरून देणं त्यापुढे फार स्वस्त आहे.

तेव्हा घरात कुणाला आतड्याचा जुनाट दाह असेल, तर या गोष्टी पाहाव्यात. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी, ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे त्यांचा अपवाद सोडून. ढाळ वाढले तर नुसत्या पाण्याऐवजी क्षारसंजीवनी. कॅल्शियम जेवणाबरोबर. वेदनाशामक गोळी विचारल्याशिवाय नाही. मेसालामिन मनाने सोडायचं नाही आणि तपासणीशिवाय वर्षानुवर्षं चालूही ठेवायचं नाही. जुने रिपोर्ट एका पिशवीत, तारखेप्रमाणे. आणि पुढच्या वेळी डॉक्टर हिमोग्लोबिन, सीआरपी लिहीत असताना विचारायचं, ‘साहेब, यात क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिनही घालता का?’